चुकीचें ई-चलन : दंड भरण्यापूर्वींचा विचार

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यांतील घरांतून हल्लीं एक नवा प्रसंग वरचेवर घडतो. सायंकाळीं घरचा कर्ता पुरुष कामावरून परत येतो, चहाचा पेला हातीं घेतो, आणि तेवढ्यांत खिशांतील मोबाइल वाजतो. संदेश वाहतूक पोलिसांचा असतो. आपल्या वाहनानें अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं नियमभंग केला असून त्याबद्दल इतके रुपये दंड आकारण्यांत आला आहे, असा त्याचा आशय. तो दिवस त्यास आठवतो, वाहन कोठें होतें तेंही आठवतें. आणि लक्षांत येतें कीं, त्या वेळीं आपली स्कूटर त्या शहराच्या आसपासही नव्हती.

अशा वेळीं बहुतेकांच्या मनांत दोनच विचार येतात. पहिला असा कीं, एवढ्याशा रकमेसाठीं खेटे कोण घालणार? भरावे आणि मोकळें व्हावें. दुसरा असा कीं, आरोपच खोटा आहे तर त्याची दखल तरी कशास घ्यावी? पाहूं पुढें काय होतें तें. पहिल्या मार्गानें गेल्यास न केलेला अपराध पदरीं पडतो. दुसऱ्या मार्गानें गेल्यास आक्षेप घेण्याची वेळ टळून जाते, आणि खरा मनुष्य थकबाकीदारांच्या यादींत जाऊन बसतो. या दोहोंच्या मधली वाट कायद्यानें मोकळी ठेविली आहे. ती थोडी कष्टाची आहे खरी. परंतु साधारण शिकलेल्या गृहस्थास बहुधा वकिलावांचून चालतां येईल इतकी ती सोपीही आहे.

प्रथम ई-चलन म्हणजे काय हें नीट समजून घ्यावयास पाहिजे. हिंदुस्थानांत मोटारींविषयींचा पहिला अखिल देशीय कायदा 1914 सालीं झाला. त्याची जागा 1939 च्या कायद्यानें घेतली, आणि सध्यां चालू असलेला मोटार वाहन कायदा 1988 सालचा असून तो 1 जुलै 1989 पासून अमलांत आहे. पूर्वीं रस्त्यावर उभा असलेला शिपाई वाहन थांबवी, चालकाशीं दोन शब्द बोले आणि पावती फाडी. त्यांत वाद झाला तरी तो समोरासमोर होई. मुंबईंत 2016 च्या ऑक्टोबरांत विद्युत्-यंत्रांवर चालणारी चलनाची पद्धति सुरू झाली आणि पुढें ती राज्यभर पसरली. 2019 च्या दुरुस्तीनें मूळ कायद्यांत 136 अ हें कलम आलें व रस्त्यांवर यंत्रांनीं पाळत ठेवण्यास स्पष्ट आधार मिळाला. आतां वाहन थांबत नाहीं, चालकास कोणी विचारीत नाहीं. चित्र घेतलें जातें, क्रमांक वाचला जातो, आणि त्या क्रमांकापुढें ज्याचें नांव नोंदलेलें असेल त्याच्या मोबाइलवर संदेश जातो.

येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, चलन हा आरोप आहे. तो न्यायालयाचा निकाल नाहीं. कायद्याच्या 200 व्या कलमान्वयें ठराविक अपराधांत खटला न भरतां ठराविक रक्कम घेऊन प्रकरण मिटविण्याचा अधिकार राज्य सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यांस आहे. चलनावर जी रक्कम दिसते ती या तडजोडीची रक्कम होय. ती भरली कीं तडजोड पुरी झाली आणि प्रकरण संपलें. नंतर 'मी तो नव्हेच' असें सांगण्यास जागा फारच थोडी उरते. शिवाय पुनरपराधाची शिक्षा अधिक असते. उदाहरणार्थ, 177 व्या कलमाखालील किरकोळ नियमभंगास पहिल्या वेळीं 500 रुपयांपर्यंत आणि त्यापुढें 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. शिरस्त्राणाविषयींच्या 194 ड कलमांत दंडाबरोबर तीन महिने परवाना रोखण्याचीही तरतूद आहे. तेव्हां 'पांचशेंच तर आहेत' म्हणून जो मनुष्य खोटें चलन भरतो, तो केवळ पैसे देत नाहीं. आपल्या नांवापुढें एक अपराध लिहून घेतो.

आतां अशी चूक होते तरी कशी? यंत्र खोटें बोलत नाहीं अशी लोकांची समजूत असते, आणि ती एका अर्थीं खरीही आहे. परंतु यंत्र जें पाहतें तें आणि त्यावरून आपण जें ठरवितों तें, यांत अंतर असतें. कॅमेरा पाटीचें चित्र घेतो. मग संगणक त्या चित्रांतील प्रत्येक अक्षर वेगळें काढून तें कोणत्या ठरीव आकृतीशीं अधिकांत अधिक जुळतें हें पाहतो. पाटी स्वच्छ असली, प्रकाश बरा असला, तर हें काम उत्तम होतें. परंतु पावसाळ्यांत मनोर किंवा चिल्हार फाट्याच्या बाजूनें आलेल्या वाहनाची पाटी चिखलानें भरलेली असते. एखादा खिळा नेमका आंकड्याच्या पोटांत ठोकलेला असतो. अशा वेळीं 3 चा 8 होतो, 6 चा 8 होतो, 1 चा 7 होतो. इंग्रजी बी अक्षर 8 सारखें आणि डी अक्षर शून्यासारखें दिसतें. त्यांत कित्येक हौशी लोक 4141 हा क्रमांक 'दादा' असा वाचला जावा म्हणून आंकड्यांस नाना वळणें देतात. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 50 व्या नियमाप्रमाणें पाटीवरील अक्षरें इंग्रजी व आंकडे आंतरराष्ट्रीय वळणाचे असलेच पाहिजेत.

वाचनांत एका आंकड्याची चूक झाली तर ती यंत्राच्या ध्यानांत कां येऊं नये, असें कोणी विचारील. याचें कारण मोठें उद्बोधक आहे. आधार क्रमांकांतील शेवटचा आंकडा हा आधींच्या अकरा आंकड्यांवरून गणितानें काढलेला असतो. त्यामुळें मध्यें एक आंकडा चुकला तर शेवटचा जुळत नाहीं, आणि चूक तत्काळ पकडली जाते. वाहनाच्या क्रमांकांत असा पहारेकरी आंकडा ठेवलेलाच नाहीं. 1 पासून 9999 पर्यंतच्या मालिकेंत बहुतेक प्रत्येक क्रमांक कोणाच्या ना कोणाच्या नांवावर असतो. म्हणून चुकीनें वाचलेला क्रमांक हा निरर्थक ठरत नाहीं. तो दुसऱ्या एका जिवंत माणसाचा क्रमांक ठरतो, आणि संदेश त्याच्या घरीं जातो.

दुसरें कारण बनावट पाटी. याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण मुंबईचें आहे. 2021 च्या जानेवारींत असें उघडकीस आलें कीं, दिवंगत उद्योगपति रतन टाटा यांच्या मोटारीच्या क्रमांकावर जीं चलनें येत होतीं तीं त्यांच्या मोटारीचीं नव्हतींच. हा नियमभंग आमच्या मोटारीचा नाहीं, असें त्यांच्याकडून कळविण्यांत आल्यावर पोलिसांनीं चौकांतील कॅमेऱ्यांचीं चित्रें तपासलीं. तेव्हां अंकज्योतिषाच्या नादानें दुसऱ्या एका मोटारीवर तोच क्रमांक लाविला होता असें दिसून आलें. माटुंगा पोलीस ठाण्यांत गुन्हा नोंदविण्यांत आला. त्यापुढचा प्रसंग 2025 च्या जानेवारींतील. मुंबईस ताजमहाल हॉटेलाजवळ एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या. एकानें कर्जाच्या वसुलीवाल्यांस चुकविण्यासाठीं आपल्या पाटींतील शेवटचा आंकडा बदलला होता. आणि ज्याचा तो खरा क्रमांक होता त्या मोटारचालकास न केलेल्या नियमभंगांचीं चलनें येत राहिलीं होतीं. एक देशांतील विख्यात उद्योगपति, दुसरा मोटार चालवून पोट भरणारा सामान्य मनुष्य. यंत्रापुढें दोघांची स्थिति सारखीच झाली. फरक इतकाच कीं, पहिल्याच्या पदरीं पत्रव्यवहार करणारीं माणसें होतीं, आणि दुसऱ्यास स्वतःच धांवावें लागलें.

तिसरें कारण वाहनाच्या विक्रीचें. बोईसरसारख्या औद्योगिक गांवीं माणसें येतात, जातात. जातांना दुचाकी कोणास तरी विकून टाकतात. पैसे हातीं आले कीं विकणारा निश्चिंत होतो. परंतु कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणें विकणारानें राज्यांतल्या राज्यांत 14 दिवसांत आणि घेणारानें 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. तें न झाल्यास कागदोपत्रीं मालक जुनाच राहतो. सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणांत हेंच तत्त्व सांगितलें कीं, नोंदवहींत ज्याचें नांव तोच मालक. चलनाच्या बाबतींत ही चूक यंत्राची नसते. ती आपल्या आळसाची असते.

चवथें कारण वेग मोजण्यासंबंधीं. वेग मोजणारें यंत्र वाहनावर लहरी सोडतें आणि परत येणाऱ्या लहरींतील बदलावरून वेग काढतें. महामार्गावर दोन वाहनें शेजारीं शेजारीं असतील, तर वेग एकाचा आणि पाटी दुसऱ्याची असा घोटाळा संभवतो. पांचवें कारण माणसाच्या हाताचें. कित्येक चलनें कर्मचाऱ्यानें काढलेल्या छायाचित्रावरून होतात. क्रमांक, स्थळ किंवा अपराधाचें कलम निवडतांना बोट चुकतें. खासगी मोबाइलवर चित्रें काढून मागाहून तीं चढविण्याच्या पद्धतीविषयीं वाहतूकदारांच्या फार तक्रारी होत्या, आणि राज्याच्या वाहतूक पोलीस विभागानें 2025 च्या जुलैंत ती पद्धति बंद करण्याविषयीं परिपत्रक काढलें.

पालघरच्या रहिवाशांस आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यामुळें येथील घरांत जुन्या वाहनांवर ठाण्याची एमएच 04 ही मालिका आढळते, तर पुढच्या काळांतील वाहनांवर वसई कार्यालयाची एमएच 48. योगायोग असा कीं, मनोर, चारोटी, तलासरी यांवरून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही 48 क्रमांकाचाच आहे. पोलिसांची व्यवस्थाही एक नाहीं. पालघर, बोईसर, मनोर हा भाग पालघर जिल्हा पोलिसांकडे; वसई-विरार 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे; आणि महामार्गावर राज्याचे महामार्ग पोलीस वेगळे. चलन कोणीं केलें हें न पाहतां जवळच्या ठाण्यांत जाऊन बसणें म्हणजे डहाणूची गाडी सोडून चर्चगेटच्या गाडींत बसण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष उपायाकडे वळूं. समजा, बोईसरच्या एका गृहस्थास ठाण्यांत शिरस्त्राणावांचून दुचाकी चालविल्याचें चलन आलें आहे. त्याची राखी रंगाची स्कूटर त्या दिवशीं सकाळपासून बोईसर स्थानकाच्या वाहनतळावर उभी होती आणि तो स्वतः आगगाडीनें मुंबईस गेला होता. त्यानें काय करावें?

पहिलें काम, संदेश खरा आहे कीं खोटा हें पाहणें. चलनाच्या नांवानें लबाड लोक संदेश पाठवितात. त्यांतील दुव्यावर बोट ठेवतांच एखादें ॲप मोबाइलमध्यें उतरतें आणि बँकेंतील पैसे धोक्यांत येतात. म्हणून संदेशांतील दुवा मुळींच उघडूं नये. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा त्यांच्या महाट्रॅफिक ॲपवर आपण होऊन जावें. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. तेथें वाहनाचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आंकडे घातले कीं त्या वाहनावरील चलनें दिसतात. तेथें कांहींच दिसलें नाहीं तर संदेशाची शंका घ्यावी, आणि पैसे तर मुळींच भरूं नयेत.

दुसरें काम, चलनाचें छायाचित्र स्वस्थपणें पाहणें. रागाच्या भरांत बहुतेक लोक केवळ रक्कम पाहतात. खरा पुरावा चित्रांत असतो. वाहनाची जात, रंग, आरसे, दिवे, मागील बैठक, पाटीवरील अक्षरांचें वळण हें सर्व आपल्या वाहनाशीं ताडून पाहावें. आपल्या उदाहरणांतील गृहस्थानें चित्र मोठें करून पाहिलें, तर त्यांत काळी मोटारसायकल आहे आणि पाटीवरील शेवटचा आंकडा 3 असून तो 8 असा वाचला गेला आहे, असें त्यास दिसेल. एवढ्यानेंच अर्धें काम झालें. तें चित्र आणि चलनाची प्रत त्याच वेळीं जतन करून ठेवावी.

तिसरें काम, आपला पुरावा गोळा करणें. नोंदणीपुस्तकाची प्रत आणि आपल्या वाहनाचीं पुढून, मागून व बाजूनें घेतलेलीं स्पष्ट छायाचित्रें हीं तर हवींतच. शिवाय वाहन त्या वेळीं दुसरीकडे होतें हें दाखविणारा कागद मिळाला तर उत्तम. वाहनतळाची पावती, तारापूर औद्योगिक वसाहतींतील कारखान्याच्या दारावरील नोंद, दुरुस्तीच्या दुकानाचें बिल, वसाहतीच्या कॅमेऱ्याचें चित्र, यांपैकीं कांहींही चालेल. मोटारवाल्यांस फास्टॅगचा हिशेब फार उपयोगीं पडतो. खानिवडें किंवा चारोटी येथील टोल नाक्यावरून मोटार किती वाजतां गेली याची मिनिटासुद्धां नोंद त्यांत असते. मोटार सकाळीं दहा वाजतां चारोटीस असेल, तर ती सव्वादहा वाजतां दादरच्या चौकांत असणें शक्य नाहीं. हें सांगण्यास कोणी तज्ज्ञ लागत नाहीं. मात्र पावत्यांची शाई उडते आणि कॅमेऱ्यांचीं चित्रें कांहीं दिवसांनीं पुसलीं जातात, म्हणून हें काम त्याच आठवड्यांत करावें.

चवथें काम, लेखी तक्रार. संकेतस्थळावर व ॲपवर तक्रारीची सोय आहे. तक्रार थोडक्यांत, मुद्द्यापुरती आणि शांत भाषेंत असावी. पोलीस खात्यावर टीका, रस्त्यांतील खड्डे, सरकारचा कारभार यांचा उल्लेख तींत येऊं नये. तक्रार वाचणारा कर्मचारी त्यांत मुद्दा शोधीत बसत नाहीं. अशा तऱ्हेचा मजकूर पुरेसा होतो : 'अमुक क्रमांकाचें चलन माझ्या वाहनावर चुकीनें झालें आहे. चलनांतील छायाचित्रांत काळी मोटारसायकल असून तिच्या पाटीचा शेवटचा आंकडा 3 आहे. माझें वाहन राखी रंगाची स्कूटर असून तिचा शेवटचा आंकडा 8 आहे. त्या दिवशीं ती बोईसर स्थानकाच्या वाहनतळावर होती. नोंदणीपुस्तक, वाहनाचीं छायाचित्रें व वाहनतळाची पावती सोबत जोडलीं आहेत. तरी चलन रद्द करावें, ही विनंति.' तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो लिहून ठेवावा. उत्तर न आल्यास त्या क्रमांकाच्या आधारें चलन करणाऱ्या वाहतूक शाखेस लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोंच घ्यावी. आक्षेपाची मुदत मर्यादित असते आणि तिचे नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून चलन आलें त्याच दिवशीं तीवरील सूचना वाचून मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर मांडावी.

बनावट पाटीचा संशय असेल तर येवढ्यावर थांबूं नये. तक्रारीबरोबरच पोलीस ठाण्यांत लेखी खबर द्यावी. आज त्या पाटीच्या वाहनानें शिपायाची शिट्टी चुकविली असेल; उद्यां तें एखाद्या अपघातांत किंवा चोरींत सांपडलें, तर पोलीस प्रथम खऱ्या मालकाच्या दारीं येतील. त्या वेळीं पूर्वीं दिलेली खबर हीच मोठी ढाल ठरते. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या गेलेल्या नव्या वाहनांस जी उच्च सुरक्षेची पाटी लावतात, तिच्यावर क्रोमियमची चकचकीत मुद्रा व लेसरनें कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती एकदां बसविली कीं न मोडतां निघत नाहीं. जुन्या वाहनांसही ती लावून घेण्यांत मालकाचेंच हित आहे.

आतां कायदा यंत्राकडून काय अपेक्षितो तें पाहूं. 2021 च्या ऑगस्टांत केंद्रीय नियमांत 167 अ हा नियम घालण्यांत आला. त्याप्रमाणें पाळतीच्या यंत्रास मान्यतेचा दाखला असला पाहिजे व तो दरवर्षीं नवा करून घेतला पाहिजे. जेथें यंत्र आहे तेथें लोकांस सूचना देणारी पाटी असली पाहिजे. चलनाबरोबर अपराध व वाहनाचा क्रमांक स्पष्ट दाखविणारें छायाचित्र, यंत्रानें केलेलें मोजमाप, तारीख, वेळ, स्थळ, मोडलेलें कलम आणि विद्युत्-नोंदीच्या खरेपणाचा दाखला हवा. हा दाखला पूर्वीं 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांतील 65 ब कलमाखालीं दिला जाई. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचें 63 वें कलम त्या जागीं आलें आहे. अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी असेंही त्या नियमांत सांगितलें होतें.

अतिवेगाच्या आणि धोकादायक रीतीनें वाहन चालविण्याच्या आरोपांत तर मूळ कायद्याचें 209 वें कलम अधिक स्पष्ट आहे. अपराधाच्या वेळींच ताकीद दिली असली पाहिजे, किंवा 14 दिवसांत स्थळ व वेळ सांगणारी नोटीस चालकास वा नोंदणीकृत मालकास पाठविली असली पाहिजे, किंवा 28 दिवसांत समन्स लागू झालें असलें पाहिजे. एरव्हीं दोषी ठरवितां येत नाहीं. पत्ता प्रयत्न करूनही सांपडला नाहीं, किंवा आरोपीच्या वागण्यामुळेंच नोटीस पोंचली नाहीं, तर ही सवलत मिळत नाहीं. म्हणून परिवहन कार्यालयांतील आपला पत्ता व मोबाइलचा क्रमांक बरोबर ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. यंत्राच्या मान्यतेचा दाखला पाहावयाचा असेल तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराखालीं 10 रुपयांच्या फीवर अर्ज करतां येतो. त्याचें उत्तर सामान्यतः 30 दिवसांत मिळावयाचें असतें.

तक्रार फेटाळली गेली तर मार्ग न्यायालयाचा. तेथें मात्र आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो, आणि चित्रांतील वाहन दुसरेंच आहे हें न्यायाधीशांस डोळ्यांनीं पाहतां येतें. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर घेण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 514 व्या कलमानें प्रतिबंध आहे. तथापि योग्य कारण असल्यास न्यायालय ती मुदत वाढवूं शकतें. तेव्हां सहा महिने गप्प बसलें कीं सुटलों, असा हिशेब कोणी करूं नये. चलन नोंदींत राहतें, आणि वाहन विकतांना किंवा नांवावर करतांना नेमकें आडवें येतें.

लोकअदालतीविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रलंबित ई-चलनांच्या नोटिसा लोकअदालतींत ठेवण्याची चाल राज्यांत पडली आहे. ज्यानें नियम मोडला आहे पण रक्कम साचली आहे, त्यास हा मार्ग सोयीचा होय. परंतु 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें लोकअदालत ही समेटाची जागा आहे. तेथें कोण खरा व कोण खोटा याचा निवाडा होत नाहीं, आणि तेथील निवाड्यावर अपील नसतें. ज्याचें वाहन चित्रांत नाहींच, त्यानें थोडी सूट मिळते म्हणून तेथें पैसे देणें म्हणजे न केलेल्या अपराधाशीं समेट करणें होय.

या सर्वाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाहन आपलेंच असेल, चित्र आपलेंच असेल, तर वाद घालूं नये, दंड भरावा. मुलानें किंवा शेजाऱ्यानें वाहन नेलें असेल, तर 133 व्या कलमाप्रमाणें चालक कोण होता हें सांगण्याचें कर्तव्य मालकावर आहे. पाळतीचीं यंत्रें लोकांस छळण्यासाठीं बसविलेलीं नाहींत. 4 सप्टेंबर 2022 रोजीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातांत मृत्यु झाला तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष या महामार्गाकडे गेलें. परंतु ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येत नाहींत अशा कितीतरी घरांवर हा रस्ता संकट आणीत असतो. वेगास आळा घालणारें यंत्र त्या रस्त्यावर पाहिजेच.

आणि पाहिजे म्हणूनच तें अचूक पाहिजे. शिपाई समोर उभा असतांना मनुष्य त्यास चार शब्द समजावून सांगूं शके. यंत्राशीं बोलतां येत नाहीं. त्याची चूक दाखविण्याचें साधन एकच, लेखी आक्षेप. असे आक्षेप आले नाहींत तर कोणती पाटी चुकीची वाचली जाते, कोणत्या चौकांतील कॅमेरा फसतो, हें खात्यास कळणार कसें? मुकाट्यानें भरलेलें प्रत्येक खोटें चलन खात्याच्या दप्तरीं बरोबर चलन म्हणूनच जमा होतें, आणि बनावट पाटी लावणारा तसाच मोकळा फिरतो.

बोईसरच्या त्या गृहस्थास चित्र पाहण्यास पांच मिनिटें, कागद जमविण्यास एक संध्याकाळ आणि तक्रार लिहिण्यास अर्धा तास लागेल. वाचलेली रक्कम फार मोठी नसेल. पण त्याच्या परवान्यापुढें न केलेला अपराध लिहिला जाणार नाहीं. आणि घरांतील मुलांस हें दिसेल कीं, केलेल्या चुकीचा दंड निमूटपणें भरावयाचा असतो आणि न केलेल्या चुकीचा सभ्यपणें, पुराव्यानिशीं नाकारावयाचा असतो.